बर्फाखालची वाट

[ प्रवासात आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी माणूस पूर्वीपासून सूर्य, तारे आणि किनाऱ्यावरील दीपगृहे यांची मदत घेत आला आहे. आता उपग्रहही त्याच्या मदतीला आहेत. पण जेथे यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही, तेथे काय करायचे ? १९५८ साली एका पाणबुडीने उत्तर ध्रुवावरील बर्फाखालून प्रवास केला. तिने आपली वाट कशी ओळखली, हे या पाठात सांगितले आहे. ]

रात्री अचानक वीज गेली तर तुम्ही काय करता ? घरभर अंधार पसरतो. मेणबत्ती स्वयंपाकघरातील फळीवर असते. तरीही तुम्ही तेथपर्यंत पोहोचता. पलंगावरून उतरून चार पावले सरळ, मग उजवीकडे वळून दोन पावले, हात वर केला की फळी ! तुम्हांला काहीच दिसत नसते. पण आपण कोठून निघालो, किती चाललो आणि कोठे वळलो, हे तुमच्या लक्षात असते. तेवढ्यावर काम होते.

यात एक अट मात्र आहे. वाटेत कोणी तुम्हांला हलकेच फिरवले, किंवा आपण पलंगाच्या कोणत्या बाजूने उतरलो हेच तुम्ही विसरलात, तर सारा हिशेब चुकतो. मग हात फळीऐवजी भिंतीवर आपटतो.

अंधारात चालण्याची हीच रीत पाणबुड्या, विमाने आणि अग्निबाण वापरतात. तिला 'जडत्वीय दिक्‌चालन' म्हणतात. नाव अवघड आहे, पण कल्पना सोपी आहे. ती समजून घेण्यासाठी आपण एका खऱ्या प्रवासाची हकिकत पाहू.

'नॉटिलस' ही अमेरिकेची पाणबुडी. अणुशक्तीवर चालणारी ही जगातील पहिली पाणबुडी होय. ती १९५४ साली तयार झाली. तिची लांबी सुमारे ९७ मीटर होती. त्यापूर्वीच्या पाणबुड्यांना हवेसाठी वारंवार पाण्याच्या वर यावे लागे. नॉटिलसला त्याची गरज नव्हती. ती कितीतरी दिवस पाण्याखाली राहू शकत होती. म्हणून तिला उत्तर ध्रुवावर नेण्याचे ठरले.

उत्तर ध्रुवावर जमीन नाही. तेथे समुद्र आहे आणि त्या समुद्रावर बर्फाचा जाड थर तरंगत असतो. साध्या जहाजाला त्यातून वाट मिळत नाही. पण पाणबुडी बर्फाच्या खालून जाऊ शकते. प्रश्न एकच होता : बर्फाखाली दिशा कशी ओळखायची ?

बर्फाखालून तारे दिसत नाहीत. रेडिओच्या लहरी समुद्राच्या पाण्यात फार खोल जात नाहीत. राहिले होकायंत्र. उर्दूत आपण होकायंत्राला 'कुतुबनुमा' म्हणतो. कुतुब म्हणजे ध्रुव. ध्रुव दाखवणारे ते कुतुबनुमा. पण गंमत अशी, की हे यंत्र ध्रुवाजवळ गेले की गोंधळून जाते. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव हा भौगोलिक ध्रुवापासून वेगळ्या ठिकाणी आहे. शिवाय त्या भागात चुंबकसूची आडवी स्थिर राहण्याऐवजी खाली झुकू पाहते. जहाजांवर विजेवर फिरणाऱ्या चक्राचे होकायंत्रही असते. ते पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर दिशा शोधते. पण ध्रुवाच्या अगदी जवळ त्याचाही जोर कमी पडतो.

नॉटिलसचे कप्तान होते विल्यम अँडरसन. १९५७ साली ते पाणबुडी घेऊन ग्रीनलंडच्या बाजूने बर्फाखाली शिरले. एके ठिकाणी वर येण्याचा प्रयत्न करताना पाणबुडी बर्फाला धडकली आणि बाहेर पाहण्याच्या नळ्यांचे, म्हणजे पेरिस्कोपांचे, नुकसान झाले. तरी दुरुस्ती करून ते पुढे गेले. ८७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत नॉटिलस पोहोचली. ध्रुव फक्त तीन अंश, म्हणजे सुमारे ३३० किलोमीटर दूर होता. इतक्यात होकायंत्रांचा वीजपुरवठा बिघडला. चक्रे मंदावली. होकायंत्रांवर भरवसा ठेवता येईना.

आता संकट ओळखा. ध्रुवाजवळ सर्व रेखावृत्ते एकत्र येतात. तेथे दिशेत थोडी चूक झाली, तरी पाणबुडी भलत्याच देशाच्या किनाऱ्याकडे जाऊ शकते, किंवा बर्फाखाली एकाच जागी घिरट्या घालू शकते. वर बर्फाचे छत, खाली खोल समुद्र, आणि आपण कोठे आहोत हे कोणालाच ठाऊक नाही ! अँडरसन यांनी हट्ट केला नाही. त्यांनी पाणबुडी मागे फिरवली. आपल्या सोबतच्या माणसांचे प्राण त्यांना विक्रमाहून मोलाचे वाटले.

दुसऱ्या प्रयत्नाच्या आधी नॉटिलसवर एक नवे यंत्र बसवण्यात आले. त्याचे नाव होते 'एन-६-ए'. ते मुळात लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रासाठी तयार केलेले होते. हे यंत्र बाहेर काहीच पाहत नाही. तारा नाही, किनारा नाही, चुंबक नाही. ते फक्त स्वतःला बसणारे धक्के मोजते. मग त्यावरून त्याला जागा कशी कळते ?

तुम्ही लोकलगाडीतून किंवा एस.टी.तून प्रवास केला असेल. उभ्या प्रवाशांनी धरावे म्हणून लोकलच्या डब्यात वरून कड्या लटकत असतात. गाडी सुटली की सगळ्या कड्या मागे झुकतात. गाडीने ब्रेक लावला की त्या पुढे झुकतात. उभे असलेले आपणही तसेच झुकतो. याचे कारण जडत्व. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला 'जमूद' म्हटले आहे. स्थिर वस्तू स्थिरच राहू पाहते आणि चालती वस्तू चालतच राहू पाहते.

आता समजा, तुम्ही डोळे मिटून डब्यात बसला आहात आणि एका कडीवर हात ठेवला आहे. कडी मागे झुकली, म्हणजे गाडीचा वेग वाढतो आहे. जास्त झुकली, म्हणजे वेग झपाट्याने वाढतो आहे. वेग वाढण्याच्या या दराला त्वरण म्हणतात. तुम्ही त्याला 'इस्राअ' म्हणता. त्वरण समजले की वेग काढता येतो. वेग समजला की अंतर काढता येते.

एक उदाहरण करून पाहू. गाडी स्थानकावर उभी आहे. ती सुटली आणि २० सेकंदांपर्यंत तिचा वेग दर सेकंदाला अर्ध्या मीटरने वाढत गेला. म्हणजे शेवटी तिचा वेग सेकंदाला १० मीटर झाला. या वेळात सरासरी वेग ५ मीटर होता, म्हणून अंतर झाले १०० मीटर. पुढे ६० सेकंद कडी सरळ लटकत राहिली. म्हणजे वेग तोच राहिला. अंतर झाले ६०० मीटर. मग ब्रेक लागला आणि २० सेकंदांत गाडी थांबली. अंतर पुन्हा १०० मीटर. एकूण ८०० मीटर. खिडकीबाहेर एकदाही न पाहता आपल्याला कळले, की गाडी स्थानकापासून ८०० मीटरवर उभी आहे !

मधल्या ६० सेकंदांकडे नीट लक्ष द्या. तेव्हा कडी सरळ होती. उभ्या गाडीतही कडी सरळच असते. मग गाडी चालू आहे हे कशावरून ओळखले ? आधीचा हिशेब लक्षात होता, त्यावरून. या यंत्राचे सारे सामर्थ्य या आठवणीत आहे. क्षणभर जरी ते मागचे विसरले, तरी पुढचे सगळे चुकते.

यात आणखी एक अडचण आहे. गाडी चढावर उभी असेल, तरी कडी झुकलेली दिसते. मग हे झुकणे वेगामुळे की चढामुळे ? पाणबुडी तर सतत डोलत असते. म्हणून धक्के मोजणारे उपकरण एका अशा तबकावर ठेवतात, की पाणबुडी कितीही डोलली तरी ते तबक सपाट राहावे.

हे काम भोवरा करतो. जोराने फिरणारा भोवरा, म्हणजे तुमचा लट्टू, आपल्या आरेवर ताठ उभा राहतो. त्याचा आस आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. फ्रान्सचे शास्त्रज्ञ लेऑन फूको यांनी १८५२ साली अशा फिरत्या चक्राच्या साहाय्याने पृथ्वी फिरते हे दाखवले आणि त्या उपकरणाला 'जायरोस्कोप' हे नाव दिले. अशी चक्रे तबकाला धरून ठेवतात. मात्र खालची पृथ्वी गोल आहे आणि ती स्वतः फिरतही आहे. म्हणून तबक जागच्या जागी सपाट राहण्यासाठी त्याला हळूहळू वळवत राहावे लागते. हा हिशेबही यंत्रच करते.

अशा यंत्राची मोठी परीक्षा १९५३ साली झाली होती. चार्ल्स स्टार्क ड्रेपर या अमेरिकन प्राध्यापकांनी आपले यंत्र एका विमानात बसवले आणि ते विमान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून लॉस एंजेलिसपर्यंत नेले. वाट यंत्राने दाखवली. त्या यंत्राचे वजन सव्वा टनाच्या आसपास होते !

आता पुन्हा नॉटिलसकडे वळू. १९५८ च्या जून महिन्यात ती या वेळी पॅसिफिक महासागराच्या बाजूने निघाली. अलास्काजवळचा समुद्र उथळ आहे. तेथे बर्फ इतका खोलवर आला होता, की बर्फ आणि समुद्राचा तळ यांच्यामधून जाणे धोक्याचे होते. अँडरसन पुन्हा मागे फिरले. त्यांनी हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे मुक्काम केला. बर्फ वितळू लागल्यावर २३ जुलैला ते तिसऱ्यांदा निघाले.

१ ऑगस्टला अलास्काच्या उत्तर किनाऱ्याजवळ त्यांनी आपले स्थान पक्के केले. अंधारात चालण्यापूर्वीचे हे पहिले पाऊल होते. ते चुकून चालणार नव्हते. मग समुद्राच्या तळातील एका खोल दरीतून नॉटिलस बर्फाखाली गेली. आत ११६ माणसे होती. होकायंत्रे होतीच. त्यांच्या जोडीला एन-६-ए आपला हिशेब ठेवत होते : इतका धक्का, इतका वेग, इतके अंतर. पाणबुडीवरील उपकरणे वरच्या बर्फाची जाडी आणि खालच्या समुद्राची खोली मोजत होती. रात्र की दिवस, हे फक्त घड्याळावरून कळत होते.

३ ऑगस्ट १९५८ रोजी, अमेरिकेच्या पूर्व भागातील वेळेनुसार रात्री ११ वाजून १५ मिनिटांनी नॉटिलस उत्तर ध्रुवाखालून गेली. तेथे समुद्र ४,०८७ मीटर खोल होता. ध्रुव कोणाला दिसला नाही. कोणताही धक्का जाणवला नाही. समोर होते ते केवळ यंत्रांवरील आकडे. क्षणापूर्वी पाणबुडी उत्तरेकडे जात होती. त्याच सरळ रेषेत पुढे जाताना ती आता दक्षिणेकडे जाऊ लागली होती.

५ ऑगस्टला ती ग्रीनलंडच्या ईशान्येस, जेथे पोहोचायचे होते त्याच समुद्रात, वर आली. ९६ तासांत तिने बर्फाखालून सुमारे २,९४० किलोमीटर प्रवास केला होता. तिने पाठवलेला संदेश अगदी छोटा होता : 'नॉटिलस, ९० उत्तर.'

मग हे यंत्र कधीच चुकत नाही का ? चुकते. किंबहुना थोडे थोडे नेहमीच चुकते. समजा, गाडी उभी आहे, पण यंत्राला वाटते की तिचा वेग दर सेकंदाला एका सेंटिमीटरने वाढतो आहे. एका मिनिटानंतर यंत्र म्हणेल, आपण १८ मीटर पुढे आलो. दहा मिनिटांनंतर म्हणेल, १,८०० मीटर. वेळ दहापट झाला, चूक मात्र शंभरपट झाली ! म्हणून हे यंत्र अतिशय काळजीपूर्वक बनवावे लागते आणि संधी मिळेल तेव्हा तारे, किनारा किंवा उपग्रह यांच्याशी त्याचा हिशेब ताडून पाहावा लागतो.

माणसाची सावधगिरी तर त्याहून महत्त्वाची आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी अलास्काहून दक्षिण कोरियाला जाणारे एक प्रवासी विमान मार्ग सोडून शेकडो किलोमीटर दूर, त्या वेळच्या सोव्हिएत संघाच्या हद्दीत गेले. तेथील लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे प्राणांस मुकली. त्या विमानात अशी तीन यंत्रे होती. पण विमान त्यांनी दाखवलेल्या मार्गाने चाललेच नव्हते. ते एकच दिशा धरून जात होते. पाच तासांहून अधिक काळ ही गोष्ट वैमानिकांच्या लक्षात आली नाही, असे १९९३ सालच्या आंतरराष्ट्रीय चौकशीत दिसून आले. वाट दाखवणारा जवळ होता, त्याला विचारायचे राहून गेले. या दुर्घटनेनंतर अमेरिकेने आपल्या उपग्रहांची मार्गदर्शक सेवा, म्हणजे जीपीएस, सर्वसामान्य नागरिकांसाठीही खुली करण्याचे जाहीर केले.

आज तीच सेवा आपल्या फोनमध्ये आहे. पण हे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचे संदेश फार क्षीण असतात. बोगद्यात ते पोहोचत नाहीत. पाण्याखाली पोहोचत नाहीत. शत्रू ते मुद्दाम बिघडवूही शकतो. म्हणून अंधारात चालण्याची जुनी रीत आजही लागते. आपल्या इस्रोच्या अग्निबाणांनाही ती लागते. त्यासाठीचे खास केंद्र तिरुवनंतपुरम येथे आहे. तुम्ही फोन आडवा केला की पडद्यावरील चित्रही आडवे होते. तेथेही नखापेक्षा लहान असे धक्के मोजणारे उपकरण काम करत असते. ड्रेपर यांचे सव्वा टनाचे यंत्र आठवा !

नॉटिलस १९८० साली सेवेतून निवृत्त झाली. १९८६ पासून ती अमेरिकेत ग्रोटन येथे लोकांना पाहण्यासाठी ठेवली आहे.

आता पुढच्या वेळी वीज गेली, की घाबरू नका. पावले मोजा, वळणे लक्षात ठेवा. आणि पहिले पाऊल कोठून टाकले, एवढे मात्र विसरू नका.

शब्दार्थ

दीपगृह – समुद्रातील जहाजांना दिशा दाखवणारा दिव्याचा मनोरा
पाणबुडी – पाण्याखालून चालणारे जहाज
होकायंत्र – दिशा दाखवणारे यंत्र, कुतुबनुमा
जडत्व – जमूद
त्वरण – वेग वाढण्याचा दर, इस्राअ
घिरट्या घालणे – एकाच जागेभोवती फिरत राहणे
तबक – ताट, थाळी
आस – वस्तू ज्या रेषेभोवती फिरते ती रेषा
ताडून पाहणे – बरोबर आहे की नाही हे तपासणे
प्राणांस मुकणे – मरण पावणे
क्षीण – कमजोर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) नॉटिलस कोणत्या शक्तीवर चालत असे ?
(२) १९५७ साली अँडरसन यांनी पाणबुडी मागे का फिरवली ?
(३) जायरोस्कोप हे नाव कोणी दिले ?
(४) नॉटिलस उत्तर ध्रुवाखालून कोणत्या तारखेला गेली ?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(१) गाडी सुटली की डब्यातील कड्या ______ झुकतात.
(२) वेळ दहापट झाला, चूक मात्र ______ झाली.
(३) ध्रुव ओलांडल्यावर पाणबुडी ______ जाऊ लागली.

प्र. ३. कारणे लिहा.
(१) ध्रुवाजवळ होकायंत्र उपयोगी पडत नाही.
(२) धक्के मोजणारे उपकरण सपाट तबकावर ठेवतात.
(३) बर्फाखाली जाण्यापूर्वी नॉटिलसने आपले स्थान पक्के केले.

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) खिडकीबाहेर न पाहता गाडीने कापलेले अंतर कसे काढता येते ?
(२) अँडरसन दोनदा मागे फिरले. त्यांचे हे करणे तुम्हांला योग्य वाटते का ? का ?

भाषाभ्यास

(अ) हिशेब, नकाशा, जहाज, किनारा, अंदाज, खलाशी हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आहेत. ते उर्दूत कसे बोलतात ते सांगा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

(आ) उर्दूत 'जहाज' हा शब्द पुल्लिंगी आहे, मराठीत तो नपुंसकलिंगी आहे. म्हणून 'मोठा जहाज आला' असे न लिहिता 'मोठे जहाज आले' असे लिहितात. उर्दूत 'रफ्तार' स्त्रीलिंगी आहे, मराठीत 'वेग' पुल्लिंगी आहे. खालील वाक्ये शुद्ध करून लिहा.
(१) गाडीची वेग वाढली.
(२) जहाज किनाऱ्याला लागला.

उपक्रम

शाळेच्या मैदानावर खडूने एक खूण करा. एका मित्राच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. त्याला दहा पावले सरळ, उजवीकडे वळून दहा पावले, पुन्हा उजवीकडे वळून दहा पावले आणि शेवटी एकदा उजवीकडे वळून दहा पावले चालायला सांगा. तो खुणेपासून किती दूर थांबला ते मोजा. मग प्रत्येक बाजूला वीस पावले घेऊन पुन्हा करून पाहा. चूक किती वाढली ते वहीत लिहा.